कच्च्या रस्त्याची कमाई

गावाला पक्का रस्ता आला की गावाचे भाग्य उघडते, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि ती बहुतांशी खरीही आहे. रस्ता आला की एस.टी. येते, मास्तर येतो, डॉक्टर येतो, आंब्याची पेटी वेळेत बाजारात पोहोचते. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारापुढे पहिली मागणी डांबराचीच मांडली जाते. त्यामुळे इटलीतील एका डोंगराळ मुलखाची हकीगत ऐकून आमच्या वाचकांना नवल वाटेल. तेथे काही माणसांनी रस्त्यावर डांबर पडू नये म्हणून खटपट केली. आज त्याच पांढऱ्या धुळीच्या रस्त्यांवर जगभरातून माणसे सायकली घेऊन येतात, आठ-आठ दिवस राहतात आणि खिसा मोकळा करून परत जातात.

हा मुलूख म्हणजे टस्कनी प्रांतातील सिएना शहराच्या भोवतालचा प्रदेश. शहराच्या उत्तरेला फ्लॉरेन्सच्या वाटेवर कियांतीच्या जंगल आणि बागांनी भरलेल्या टेकड्या आहेत. दक्षिणेला ‘क्रेते सेनेसी’ नावाचा, जवळजवळ झाड नसलेला, करड्या चिकणमातीचा उघडा मुलूख. या दोन्ही भागांतून टेकडीच्या माथ्यामाथ्याने जाणारे चुनखडीच्या खडीचे रस्ते आहेत. उन्हात ते पांढरेशुभ्र दिसतात म्हणून त्यांना ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे सरळ अर्थाने पांढरे रस्ते, म्हणतात. मोटारींची वर्दळ जवळजवळ नाही. एखादा ट्रॅक्टर, टपालाची गाडी, शेतावर राहणाऱ्या एखाद्या घराची मोटार, एवढेच. दर काही मैलांवर टेकडीच्या टोकाला तटबंदी असलेले एखादे जुने गाव येते. तेथे पाण्याचा नळ असतो, एक दुकान असते, सावली असते. सायकलस्वाराला याहून अधिक काय हवे?

पण हे सारे कोणी आखून केलेले नाही. व्यापाराच्या पानावर ही हकीगत आम्ही देत आहोत, ती एवढ्याचसाठी की येथे जे भांडवल उपयोगाला आले ते गरिबीने जपून ठेवलेले होते.

गरिबीने राखलेली गावे

सिएना हे तेराव्या शतकात युरोपातील सावकारी आणि व्यापाराचे मोठे ठाणे होते. रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंची जुनी वाट याच शहरातून जात असे. इ.स. ९९० च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून परतताना याच वाटेने गेला. मुक्कामांची त्याची यादी आजही उपलब्ध आहे आणि हल्लीचे पदयात्री व सायकलस्वार तिचाच आधार घेतात. वाटेवर मोन्तेरिज्जोनी हे चौदा बुरुजांचे गोल तटबंदीचे गाव लागते. सिएनाने फ्लॉरेन्सवर नजर ठेवण्यासाठी ते तेराव्या शतकाच्या आरंभी बांधले. त्याच्या पश्चिमेला सान जिमिन्यानो आहे. या गावाचा पैसा केशराचा. इटालियन भाषेत केशराला ‘झाफेरानो’ म्हणतात. आपल्या घरांत आजही ‘जाफरान’ म्हणणाऱ्या वाचकांना हा शब्द कोणत्या बंदरातून तिकडे उतरला असेल हे वेगळे सांगायला नको. या केशराच्या आणि सावकारीच्या पैशावर तेथील घराण्यांनी एकमेकांशी चढाओढ करीत सत्तरांहून अधिक उंच दगडी मनोरे उभारले. त्यांपैकी चौदा आज उभे आहेत.

सिएनाच्या नगरभवनात अम्ब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये रंगविलेले एक प्रचंड भित्तिचित्र आहे. चांगला कारभार असला तर शहरात आणि खेड्यात काय घडते, हा त्याचा विषय. आमच्या मते व्यापारी माणसाने पाहावे असे याहून चांगले चित्र क्वचितच असेल. शहराच्या वेशीतून रस्ता बाहेर पडतो आणि टेकड्यांवरून वळणे घेत दूर जातो. त्यावरून गाढवांवर माल लादून माणसे शहराकडे येत आहेत, शेतात कापणी आणि मळणी चालू आहे, आणि वर आकाशात ‘सुरक्षितता’ नावाची एक स्त्री एका हाती फलक व दुसऱ्या हाती फासाचा खांब घेऊन उभी आहे. वाटसरूने निर्धास्त चालावे, लुटारूने मात्र त्या खांबाकडे पाहून घ्यावे. आज त्या टेकड्यांवर सायकल चालविणाऱ्याला जो देखावा दिसतो तो या चित्राशी इतका जुळतो की पाहणारा चकित होतो.

तो का जुळतो, याचे उत्तर सुखाचे नाही. चित्रानंतर दहाच वर्षांत, १३४८ मध्ये, प्लेगची महामारी आली. सिएनाने जगातील सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक बांधायला घेतले होते. ते अर्धवट राहिले आणि त्याची एकटी उभी भिंत आजही दिसते. सान जिमिन्यानो त्या महामारीनंतर फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेले. सिएनाही १५५५ मध्ये फ्लॉरेन्सपुढे शरण गेली. पुढची चारशे वर्षे जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा या गावांकडे आलाच नाही. म्हणून मनोरे राहिले, तट राहिले, अरुंद गल्ल्या राहिल्या. श्रीमंत गावे आपला भूतकाळ स्वतःच पाडतात. या गावांना ती ऐपत नव्हती.

वाटेकऱ्यांचे रस्ते

रस्त्यांची गोष्ट याहून अलीकडची आहे. हे पांढरे रस्ते शेतकऱ्यांचे. टस्कनीत शतकानुशतके ‘मेझ्झाद्रिया’ नावाची अर्धेलीची पद्धत होती. जमीन आणि घर मालकाचे, मेहनत कुळाची, पीक निम्मे-निम्मे. आमच्या कोकणातील वाचकांना खोत आणि कूळ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही; नावे निराळी, हिशेबाची वही तीच. प्रत्येक कुटुंबाला टेकडीवर एक दगडी घर व भोवती तुकडा दिलेला असे. त्या विखुरलेल्या घरांना जोडण्यासाठी हे खडीचे रस्ते झाले. म्हणून ते खालच्या दरीतून न जाता घराघरांवरून, माथ्यावरून जातात. सायकलस्वाराला सतत चढ-उतार करावे लागतात ते त्यामुळेच, आणि सतत चारी बाजूंचा देखावा मिळतो तोही त्यामुळेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत कोसळली. पोरे कारखान्यांकडे निघाली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास मनाई झाली आणि १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचे रूपांतर खंडात करण्याची वाट मोकळी झाली. पण तोवर घरे रिकामी पडली होती. छपरे खचली, गोठ्यांत झुडपे वाढली. क्रेते आणि ओर्चा दरीतील ओसाड शेते सार्डिनिया बेटावरील मेंढपाळांनी स्वस्तात घेतली. आज त्या भागातील मेंढीच्या दुधाच्या चीजला जे नाव आहे त्यात या स्थलांतरितांच्या मेहनतीचा मोठा वाटा आहे. बुओनकोन्वेन्तो या तटबंदीच्या गावात अर्धेलीच्या शेतीचे एक संग्रहालय आहे. सायकलवरून येणाऱ्याने तेथे तासभर थांबावे असे आम्ही म्हणू. ज्या सुंदर घरात रात्री त्याचा मुक्काम आहे तेथे पूर्वी कोण राहत होते आणि त्याच्या ताटात काय असे, हे तेथे कळते.

ज्या रस्त्यावर राहणारेच उरले नाहीत त्यावर डांबर कोण घालणार? म्हणून तो पांढरा राहिला. पुढे शहरी आणि परदेशी पैसेवाल्यांनी ती घरे घ्यायला सुरुवात केली, इंग्रजांनी तर इतकी की कियांतीला थट्टेने इंग्लंडच्या परगण्यासारखे नाव पडले. मग मोटारी आल्या आणि डांबरही येऊ लागले.

ब्याण्णव सायकली

येथे जियानकार्लो ब्रोच्ची या गृहस्थांचे नाव येते. ते गायोले या कियांतीतील गावचे. हे गाव म्हणजे भोवतालच्या टेकड्यांवरील किल्ल्यांसाठी मध्ययुगात दरीत भरणाऱ्या बाजारातून वाढलेले एक लहानसे ठिकाण. आजही वस्ती तीन हजारांच्या आत आहे. पांढरे रस्ते वाचवायचे तर त्यांचा काही उपयोग दाखविला पाहिजे, हे ब्रोच्चींनी ओळखले. १९९७ च्या शरद ऋतूत त्यांनी या रस्त्यांवर जुन्या सायकलींची एक फेरी काढली आणि तिला नाव दिले ‘लेरोइका’, म्हणजे वीरांची. जीनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी यांच्या काळी शर्यती अशाच मातीच्या रस्त्यांवर होत. बार्ताली हे फ्लॉरेन्सच्या वेशीवरचेच. त्यांनी १९३८ आणि १९४८ असा दहा वर्षांच्या अंतराने ‘टूर द फ्रान्स’ जिंकला. मधल्या युद्धकाळात सरावाच्या नावाखाली सायकलच्या नळीत बनावट ओळखपत्रे लपवून नेऊन त्यांनी ज्यू कुटुंबांचे प्राण वाचविण्यास मदत केली आणि हयातभर त्याचा गाजावाजा केला नाही.

पहिल्या वर्षी ९२ माणसे आली. पुढे हा आकडा हजारांत गेला आणि प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. सर्वांत लांब मार्ग २०९ किलोमीटरचा. त्यासाठी पहाटे अंधारात निघावे लागते. ब्रोलियोच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या चढावर दुतर्फा दिवे लावलेले असतात. पुढे रादी, मुर्लो, मोन्ताल्चिनो, आशानो, कास्तेलनुओव्हो बेरार्देंगा अशी गावे घेत रात्र पडता पडता परत गायोले. ज्यांना एवढे झेपत नाही त्यांच्यासाठी लहान मार्गही आहेत.

धंद्याच्या दृष्टीने खरी गंमत नियमांत आहे. सायकल १९८७ पर्यंतच्या बनावटीची हवी. गिअरचा दांडा चौकटीच्या खालच्या नळीवर हवा, पायाला जुन्या पद्धतीचे पट्टे हवेत, ब्रेकची तार हँडलच्या बाहेरून गेलेली हवी. हा नियम वाचून कोणाला वाटेल की हा निव्वळ हट्ट आहे. पण या हट्टाने काय केले पाहा. पडवीत गंजत पडलेल्या सायकलीला भाव आला. भंगारात जाणारे कांपान्योलो कंपनीचे जुने गिअर, चामड्याची सीट, लोकरीची जर्सी यांना गिऱ्हाईक मिळाले. फेरीच्या दिवसांत गायोलेत जुन्या मालाचा बाजार भरतो. तेथे नट-बोल्टपासून साठ वर्षांपूर्वीच्या टोपीपर्यंत सारे विकले जाते, आणि जुनी चाके सरळ करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरांना पुन्हा काम मिळाले. आपल्याकडे जुन्या बाजारात बसणाऱ्या दुकानदाराला हा हिशेब लगेच समजेल. मालाची किंमत मालात नसते, तो शोधणारा माणूस दारी येतो की नाही यात असते.

याच फेरीतून २००७ मध्ये व्यावसायिक शर्यत निघाली. पहिली शर्यत रशियाच्या अलेक्सांद्र कोलोबनेव्हने जिंकली. पुढे ‘स्त्रादे बियांके’ या नावाने ती मार्च महिन्यात होऊ लागली. स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेल्लाराने ती तीनदा जिंकली, म्हणून मोन्ते सान्ते मारीए या साडेअकरा किलोमीटरच्या खडतर पट्ट्याला त्याचे नाव मिळाले. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने २०२२, २०२४ आणि २०२५ मध्ये ती जिंकली. शेवट सिएनाच्या मध्यवर्ती शंखाकार चौकात होतो. त्यापूर्वी गल्लीतून सोळा टक्क्यांपर्यंतचा चढ आहे. धुळीने पांढरे झालेले चेहरे आणि मागे सरूच्या रांगा, हे दृश्य दूरचित्रवाणीवरून जगभर जाते. अशी जाहिरात पैसे मोजून करायची म्हटले तर कोणत्या गावाला परवडेल?

येथे एक गोष्ट नोंदविण्याचा मोह आम्हाला आवरत नाही. पहिल्या शर्यतीला नाव आणि पैसा होता सिएनाच्या ‘मोन्ते देई पास्की’ या बँकेचा. ही बँक १४७२ पासून चालत आलेली, जगातील सर्वांत जुनी. गरिबांना लहान कर्जे देण्यासाठी ती स्थापन झाली, आणि ‘पास्की’ हा शब्द कुरणांचा. सतराव्या शतकात तिच्या ठेवींना कुरणांच्या उत्पन्नाची हमी होती. २००७ च्या ऑक्टोबरात शर्यत झाली आणि पुढच्याच महिन्यात या बँकेने दुसरी एक बँक सुमारे नऊ अब्ज युरोंना विकत घेण्याचे जाहीर केले. तो घास गळ्यात अडकला. २०१७ मध्ये सरकारला पैसा ओतून तिला सावरावे लागले. शहरातील शाळा, इस्पितळे, जुन्या इमारतींची दुरुस्ती यांना तिच्या नफ्यातून मिळणारा ओघ त्याआधीच आटला होता. पाच शतकांची तिजोरी डबघाईला आली, तेव्हाही खडीचे रस्ते मात्र कमावीतच होते.

सायकल निराळी, गिऱ्हाईक निराळे

जुन्या सायकलींची फेरी वर्षातून एकदाच. पण २०९ किलोमीटरचा तो मार्ग पाट्या लावून कायमचा खुला केलेला आहे. त्यावर वर्षभर येणारा माणूस निराळी सायकल घेऊन येतो. तिला ‘ग्रॅव्हल’ सायकल, म्हणजे खडीवरची सायकल, म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद. जुन्या शर्यतीच्या सायकलीचा टायर याच्या निम्माच असे. रुंद टायरमध्ये हवा कमी भरतात, त्यामुळे खडीवर चाक उसळत नाही आणि हाताला मुंग्या येत नाहीत. अनेक जण आत ट्यूबच घालीत नाहीत. टायरमध्ये एक चिकट द्रव असतो, काटा घुसला तर भोक तोच बुजवितो. ब्रेक चकतीचे, उतारावर धुळीतही पकडणारे. चढासाठी अगदी हलके गिअर. लहानपणी तासावर भाड्याने सायकल घेऊन, घड्याळाकडे पाहत गल्लीला फेऱ्या मारणाऱ्या आमच्या पिढीला ही यादी चैनीची वाटेल. किमतही तशीच, चांगली सायकल हजारो युरोंना जाते. म्हणून येणारे बहुतेक जण ती तेथेच भाड्याने घेतात, आणि भाड्याच्या दुकानांचा एक नवा धंदा उभा राहिला आहे.

बॅटरीच्या सायकलीने तर गिऱ्हाईकच बदलले. पूर्वी या टेकड्या पायात जोर असलेल्या तरुणांच्या होत्या. आता साठीचे जोडपेही चढ चढते. नवरा साध्या सायकलीवर, बायको बॅटरीच्या सायकलीवर, कधी उलट. या वयाच्या माणसाजवळ वेळ असतो आणि पैसाही. तो एका दिवसात चाळीस किलोमीटर जातो, तीनदा थांबतो, आणि प्रत्येक थांब्यावर काहीतरी घेतो. मोटारीने येणारा पाहुणा सकाळी सान जिमिन्यानोत उतरतो, फोटो काढतो आणि संध्याकाळी फ्लॉरेन्सला परत जातो. गावाला त्याच्याकडून पार्किंगचे पैसे आणि एक आइस्क्रीम यापलीकडे फारसे मिळत नाही. सायकलवाल्याला मात्र रात्र तेथेच काढावी लागते. त्याला भूक लागते, पंक्चर होते, कपडे धुवायचे असतात. त्याचे सामान एका मुक्कामावरून दुसऱ्यावर नेण्यासाठी छोटी व्हॅन लागते, वाटाड्या लागतो. शिवाय त्याला ऑगस्टचे ऊन नको असते. तो एप्रिल-मेमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, म्हणजे खोल्या रिकाम्या राहण्याचे दिवस कमी होतात. हॉटेलचा धंदा केलेल्या माणसाला या एका वाक्याची किंमत कळेल.

राहण्याची सोय कोठे होते? बहुतेक त्याच वाटेकऱ्यांच्या दगडी घरांत. पण येथे कायद्याचा हात आहे. इटलीने १९८५ मध्ये शेतावरील पाहुणचाराचा, तेथील भाषेत ‘आग्रितुरिझ्मो’चा, राष्ट्रीय कायदा केला आणि २००६ मध्ये तो नव्याने लिहिला. त्याचे मर्म असे की, पाहुणे ठेवण्याचा परवाना शेतकऱ्याला मिळतो, आणि शेती हा त्याचा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे. खोल्या शेतीला पूरक, शेती खोल्यांना पूरक नव्हे. जेवणात आपल्या शेतातला व परिसरातला माल वाढावा लागतो. आज इटलीत अशी पंचवीस हजारांहून अधिक शेतघरे आहेत आणि त्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या टस्कनीत आहे. हा कायदा नसता तर त्या टेकड्यांवर हॉटेलांच्या साखळ्या उभ्या राहिल्या असत्या आणि शेत नुसते पडद्यावरच्या चित्रासारखे मागे उरले असते. ऑलिव्हची बाग छाटायला माणूस हवा, गव्हाचे शेत नांगरायला हवे. तेव्हाच तो देखावा राहतो, आणि देखाव्यासाठीच तर पाहुणा येतो.

कियांतीच्या अर्थकारणाचा मोठा भाग द्राक्षाच्या दारूवर चालतो हे लपविण्यात अर्थ नाही. फेरीच्या थांब्यांवर सुद्धा तीच वाहते आणि ताटात डुकराचे मांसही असते. आमच्या वाचकांपैकी कोणी तिकडे गेलाच तर त्याने उपाशी राहावे लागेल असे मात्र समजू नये. शिळ्या पावाचे तुकडे, घेवडा आणि काळपट पालेभाजी घालून शिजविलेले ‘रिबोल्लिता’ हे तेथील गरिबांचे जुने अन्न आता सायकलस्वारांचे आवडते आहे. त्यात मांस पडले आहे का एवढे मात्र आधी विचारून घ्यावे. बिनमिठाचा पाव, त्यावर ताज्या ऑलिव्ह तेलाची धार, मेंढीचे चीज, चण्याचे सूप हे सर्वत्र मिळते. पाव बिनमिठाचा का, याच्या पाच कथा तेथे सांगतात. आम्हाला एवढेच दिसते की खारट चीजबरोबर तो उत्तम लागतो.

धूळ कोणाच्या घरात

आता दुसरी बाजू. पांढरा रस्ता फुकट राहत नाही. पावसाळ्यात पाणी खडी वाहून नेते, उन्हाळ्यात चाकांच्या धक्क्याने पत्र्यासारख्या लाटा उठतात. दोन्ही बाजूंचे चर साफ करणे, नवी खडी पसरणे, रोलर फिरविणे हे काम पुन्हापुन्हा करावे लागते. थोड्या वस्तीच्या नगरपालिकेला शेकडो वळणांचे हे रस्ते सांभाळणे जड जाते. दारूच्या मोठ्या मळ्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर त्यावरूनच जातात. एकदा डांबर घातले की काही वर्षे निश्चिंती, असे तेथील करदात्याला वाटले तर त्याला दोष देता येत नाही.

शिवाय कमाई कोणाला होते? ज्याच्या नावावर घर आहे त्याला. अर्धेलीवर राबलेल्या कुटुंबांपैकी जे गाव सोडून गेले त्यांची घरे मालकांनी विकली, आणि नफा विकत घेणाऱ्याचा झाला. ज्या थोड्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत पडक्या किमतीला आपलेच घर घेऊन ठेवले त्यांची मुले आज पाहुणे ठेवतात. बाकीच्यांच्या मुलांना गावात घर घ्यायचे तर परदेशी माणसाच्या बोलीशी झुंजावे लागते. मनोऱ्यांच्या आणि तटांच्या आत राहणारी कुटुंबे कमी होत गेली. चाकू, दोरी, दिवाबत्ती विकणाऱ्या दुकानाच्या जागी चिनी मातीच्या शोभेच्या बश्या आल्या. सिएना शहराने १९६० च्या दशकातच जुन्या भागातून मोटारी बाहेर काढल्या. असे करणाऱ्या युरोपातील पहिल्या शहरांपैकी ते एक, आणि त्याचा फायदा तेथे चालणाऱ्या प्रत्येकाला झाला. पण शांतता आली की भाडेही वाढते, हा अनुभव तेथील लोकांना नवा नाही.

हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कोकणात तांबड्या मातीच्या वाटांवर कुलूपबंद घरे किती आहेत हे रत्नागिरी-रायगडच्या वाचकांना ठाऊक आहे. निम्मे कुटुंब मुंबईत, निम्मे आखातात, आणि ओटीवर म्हातारी. अशा घराचा सौदा करायला दलाल दारी येतो तेव्हा टस्कनीतील कुळांच्या मुलांची स्थिती आठवावी. घर विकणाऱ्याला एकदाच पैसे मिळाले. ज्याने छप्पर दुरुस्त करून चार खोल्या काढल्या आणि शेत पेरीत राहिला, त्याला दर वर्षी मिळतात. इटलीचे हवामान, रस्ते, युरोपचे खर्चिक गिऱ्हाईक आपल्याकडे नाही, हे खरे. आपल्या पावसात पांढरी काय, तांबडी काय, कोणतीच माती चार महिने सायकल चालू देणार नाही. तेव्हा नक्कल करण्याचा सल्ला आम्ही देत नाही. कागदावर नाव कोणाचे ठेवायचे, एवढाच प्रश्न आहे.

लेरोइकाची फेरी आता केवळ गायोलेची राहिलेली नाही. २०१३ मध्ये जपान, २०१४ मध्ये इंग्लंड, २०१५ मध्ये कॅलिफोर्निया अशा ठिकाणी तिच्या नावाने फेऱ्या निघाल्या. एका खेड्याची धूळ परवाना देऊन विकता येते, हा नवा व्यापार ब्रोच्चींच्या पहिल्या ९२ सोबत्यांना सुचला असेल असे वाटत नाही.

टेकड्यांवरील भांडण मात्र अजून मिटलेले नाही. पाहुण्याला पांढरा रस्ता हवा. घरातील बाईला अंगणात वाळत घातलेले कपडे पांढरे हवेत. पुष्कळ ठिकाणी त्यावर साधा तोडगा निघाला आहे. खडीच्या रस्त्यावरून जाताना एखादे शेतघर जवळ आले की शे-दीडशे पावलांपुरते डांबर लागते. टायरखालची करकर थांबते, धूळ बसते, ओसरीवरचे कुत्रे भुंकते. घर मागे पडले की डांबर संपते आणि पुन्हा खडी सुरू होते.